हत्यारे कोणाची?

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईच्या वसाहतींमधून चेन सॉचा कर्कश आवाज उठू लागतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर उभे केले. त्याच्या रुंद रस्त्यांना सावली हवी म्हणून गेल्या अर्धशतकात गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावली गेली. घाईने वाढलेल्या लाकडाला चिवटपणा नसतो. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि १७ मे २०२१ चे ‘तौक्ते’ या दोन वादळांत या झाडांचे काय झाले ते वाशीपासून बेलापूरपर्यंतच्या रहिवाशांनी पाहिले आहे. फांद्यांची छाटणी ही त्यामुळे या शहराची वार्षिक गरज झाली आहे. ही गरज महापालिका ठेकेदाराकडून भागवते, ठेकेदार रोजंदारीच्या माणसांकडून, आणि ती माणसे यंत्राकडून. यंत्र बिघडले की काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही. निविदेत त्याविषयी सहसा अक्षर नसते. दोरीला लोंबकळणाऱ्या माणसाचे प्राण मात्र बहुतांशी त्याच प्रश्नावर अवलंबून असतात.

प्रश्न यंत्राचा असल्यामुळे थोडे यंत्राच्या पोटात शिरणे भाग आहे. ज्यांना कामगारांविषयी बोलायचे आहे त्यांनी हा कंटाळा करू नये.

चेन सॉचे इंजिन दोन स्ट्रोकचे असते. मोटारीप्रमाणे त्याच्या तळाशी तेल साठवलेले नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल (बहुतेक आधुनिक यंत्रांत पन्नास भाग पेट्रोलला एक भाग) हवेबरोबर क्रँकच्या चेंबरमधून जाते आणि जाता जाता बेअरिंगला जे मिळेल तेच त्याचे वंगण. तेल कमी पडले, भेसळीचे निघाले किंवा हवेच्या जाळीतून लाकडाचा भुसा आत गेला, की बेअरिंग खडखडू लागते आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सीले हवा धरीनाशी होतात. बाहेरची हवा चेंबरमध्ये शिरते. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल-तेल कमी झाल्याने इंजिन तापते, आणि शेवटी पिस्टन नळीत चिकटून बसतो. पण तो चिकटण्यापूर्वीचा काळच अधिक घातक असतो. या काळात इंजिनाचा वेग आपोआप चढतो, आणि गॅसवरचे बोट काढले तरी साखळी थांबत नाही. झाडाखाली उभ्या असलेल्या मुकादमाला याचे काही वाटत नाही. वर एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने यंत्र खाली सोडणाऱ्याला मात्र त्याचा अर्थ पुरेपूर कळतो.

असे यंत्र गॅरेजमध्ये येते तेव्हा मिस्त्री सांगतो, ‘इंजिन काम निघाले.’ घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रांत हे काम सोपे असते. त्यांत क्रँक सिलिंडरच्या बुडाखाली एका झाकणात बसवलेला असतो. चार स्क्रू काढले की तो हाती येतो. पण दिवसभर राबणाऱ्या धंद्याच्या यंत्रांचे चेंबर उभे चिरल्यासारखे दोन अर्धांचे असते. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे हे दोन अर्ध स्क्रूंनी आवळलेले, खुंट्यांनी जागेवर धरलेले, मध्ये पातळ पॅकिंग. प्रत्येक अर्धात एक बेअरिंग दाबून बसवलेले आणि त्या बेअरिंगमध्ये क्रँकचे टोक तितकेच घट्ट. क्लच काढला, फ्लायव्हील ओढून काढले, सिलिंडर उचलला, सगळे स्क्रू सोडवले, तरीही हे दोन अर्ध एकमेकांना सोडत नाहीत. त्यांना वेगळे करण्याचे एक हत्यार असते. एक जाड पोलादी पट्टी, तिला भोके. भोकांतून बोल्ट जाऊन चेंबरच्या मूळच्याच आट्यांत बसतात. आणि मधोमध एक लांब स्क्रू, जो फिरवला की क्रँकच्या टोकावर सरळ रेषेत दाब येतो. पान्ह्याने तो वेढा-वेढ्याने आवळावा, तसे चेंबर सगळीकडून सारखे उघडत जाते. कुठे घाव नाही, कुठे ओरखडा नाही. परत जोडतानाही असेच दुसरे हत्यार लागते. ते क्रँकला बेअरिंगमधून ओढून घेते. नवे बेअरिंग बसवण्यापूर्वी चेंबर साधारण १२० ते १५० अंशांपर्यंत तापवले तर बेअरिंग हाताने ठेवल्यासारखे जागेवर जाते. मात्र हे तापवणे उघड्या ज्योतीने करायचे नाही, कारण धातू मॅग्नेशियमचा आहे.

हे हत्यार ज्याच्याजवळ नाही तो काय करतो? तो दोन अर्धांच्या फटीत पेचकस घालतो आणि वरून हातोडी मारतो. चेंबर उघडते, यात शंका नाही. पण ज्या पृष्ठभागावर पॅकिंग बसायचे तो मऊ धातू पेचकसाने खरवडला जातो, आणि तिथून पुढे हवा आत यायला कायमची वाट होते. क्रँक एकसंध नसतो. दोन चकत्यांमध्ये एक पिन दाबून तो बनवलेला असतो. त्याच्या टोकावर हातोडी बसली की या चकत्या केसभर सरकतात, आणि केसभर सरकलेला क्रँक मिनिटाला हजारो फेरे फिरू लागला की त्याची थरथर दांड्यांतून थेट हातात उतरते. वर्षानुवर्षे ही थरथर सोसणाऱ्या हातांची बोटे गारठ्यात पांढरी पडतात, बधिर होतात, आणि हा विकार वाढला की परत फिरत नाही. अर्थात ज्या बिघाडासाठी यंत्र आणले होते तोच बिघाड, थोडा नवा होऊन, यंत्राबरोबर पुन्हा झाडावर चढतो. पिस्टन नवा, रिंग नवी, बिल नवे. हवा मात्र जुन्याच वाटेने आत येते.

मग मिस्त्री अडाणी आहे, असा निष्कर्ष काढून सुशिक्षित मंडळी मोकळी होतात. कंपन्याही तेच सांगतात. दुरुस्ती ‘अधिकृत’ केंद्रातच करावी, बाहेरच्या मिस्त्रीच्या हाती यंत्र देणे धोक्याचे, ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठीच हा नियम, असे त्यांच्या माहितीपत्रकांचे म्हणणे असते. युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण त्यात एक लबाडी आहे. मिस्त्री हातोडी उचलतो, कारण त्याच्याजवळ पुलर नसतो. पुलर नसतो, कारण कंपन्या आपली खास हत्यारे आणि कोणता स्क्रू किती आवळायचा हे सांगणारी दुरुस्ती-पुस्तिका बहुधा आपल्या विक्रेत्यांच्या वर्तुळातच फिरू देतात. आणि मग मिस्त्री हातोडी वापरतो म्हणून तो विश्वासास पात्र नाही, असे त्याच कंपन्या सांगतात! पायात बेडी घालायची आणि माणूस लंगडतो म्हणून त्याला शर्यतीतून बाद करायचे, असा हा न्याय आहे. सुरक्षिततेची एवढी कळकळ असती तर पुस्तिका आणि हत्यार यंत्राबरोबरच दिले गेले असते.

बरे, हे हत्यार म्हणजे काही अणुभट्टी नव्हे. पावणे, तुर्भे, रबाळे, महापे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कोणत्याही लेथच्या दुकानात पोलादाची पट्टी कापून, भोके पाडून, आटे मारून ते तयार होऊ शकते. चांगल्या टर्नरला ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. अडचण घडवण्यात नाही. अडचण मापांत आहे. एका यंत्राची भोके दुसऱ्याला जुळत नाहीत. कोणत्या आट्यांत बोल्ट लावायचा, स्क्रूचे टोक क्रँकच्या आट्यांना इजा न करता कुठे टेकायचे, हे ज्याने कधी चित्रात पाहिलेले नाही त्याने ते यंत्र मोडूनच शिकावे लागते. ठेकेदाराला संध्याकाळपर्यंत यंत्र हवे असते, मिस्त्रीला मजुरी नगावर मिळते, आणि शिकण्यासाठी मोडण्याची चैन या दोघांनाही परवडणारी नसते. आणि यंत्र अधिकृत केंद्राकडे पाठवावे म्हटले, तर तेथे लागणारे दिवस आणि पैसे छाटणीच्या हंगामात ठेकेदार कशाला सोसेल? तो साखळी न थांबणारे यंत्र तसेच वापरतो. म्हणजे ज्या मक्तेदारीचे समर्थन सुरक्षिततेच्या नावाने होते, तीच बिघडलेले यंत्र कामगाराच्या हातात ठेवते.

हा केवळ चेन सॉचा प्रश्न आहे असेही नाही. मोटारींच्या बाबतीत या देशात तो एकदा निकालापर्यंत गेला आहे. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना नाकारून कंपन्यांनी बाजार आवळून धरला आहे, अशी तक्रार २०११ मध्ये स्पर्धा आयोगापुढे आली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरवून एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला, आणि भाग व साधने खुल्या बाजारात उपलब्ध करा, असा आदेश दिला. कंपन्या अपिलात गेल्या, न्यायालयांत गेल्या. दंडाचे आकडे आणि तारखा यांचे दळण सुरू झाले. तरी त्या निकालातील एक गोष्ट विसरता कामा नये. सुरक्षिततेचा आणि बौद्धिक संपदेचा बचाव कंपन्यांनी तेथेही केला होता, आणि आयोगाने तो मान्य केला नव्हता.

त्यानंतर केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने प्रथम घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक संकेतस्थळ सुरू झाले. कंपन्यांनी त्यावर आपल्या पुस्तिका, सुट्या भागांची माहिती आणि सेवाकेंद्रांचे पत्ते द्यावेत, अशी कल्पना. ‘द्यावेत’ या क्रियापदातच सारी मेख आहे. ‘दिले पाहिजेत’ असे म्हणणारा कायदा मागे उभा नसेल तर मक्तेदार आपल्या किल्ल्या स्वेच्छेने चव्हाट्यावर ठेवतील, ही आशा भाबडी तरी आहे किंवा सोयीची तरी. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा अहवाल दिला. त्यातही लक्ष मोबाइल आणि घरगुती उपकरणांवर. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने मात्र २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी कायदाच केला आणि पुस्तिका, भाग व साधने शेतकऱ्याला व स्वतंत्र मिस्त्रीला देणे कंपन्यांवर बंधनकारक ठरवले. जेथे भांडवलशाहीचा जयघोष अहोरात्र चालतो तेथे हे होऊ शकते, आणि समाजवादाचा शब्द ज्याच्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे त्या देशात संकेतस्थळावर भागते!

पण सगळा दोष सरकार आणि कंपन्या यांच्या पदरी टाकून डाव्या चळवळीला हात झटकता येणार नाहीत. कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्याची तिला सवय आहे. फाटक नसलेल्या गॅरेजपुढे तिचा शब्द अडखळतो. पत्र्याच्या शेडमध्ये एक पोरगा हाताशी घेऊन काम करणारा मिस्त्री हा कामगार की मालक, याचा निवाडा झाल्याशिवाय त्याच्याकडे पाहायचे नाही, अशी काही अभ्यासमंडळांची वृत्ती असते. त्याच्या मालकीचे काय असते? पान्ह्यांचा एक डबा, एक हातोडी, तेलाने काळे झालेले एक टेबल. जे हत्यार असते तर त्याच्या कसबाला किंमत आली असती, नेमके तेच त्याच्या मालकीचे नसते. उत्पादनाच्या साधनांची मालकी हा शब्दप्रयोग ज्यांच्या भाषणांत दर पाच मिनिटांनी येतो, त्यांना हे साधन दिसू नये याचे नवल वाटते. ते दोन किलो वजनाचे आहे आणि खोक्यात मावते, म्हणून का ते साधन ठरत नाही?

गांधीजींना यंत्राचे शत्रू म्हणणाऱ्यांनी त्यांचे १९२४ मधले एक संभाषण लक्षात घ्यावे. शिवणयंत्राला त्यांनी आपल्या आक्षेपातून वगळले होते. आणि मग असे यंत्र घडवणारे कारखाने लागतीलच की, असे विचारल्यावर त्यांनी ते राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारी नियंत्रणाखाली असावेत, असे सांगितले होते. हाताला मदत करणारे यंत्र हवे, पण त्याच्या जन्मस्थानाची सत्ता खाजगी नफ्याकडे नको, हा त्या उत्तराचा रोख. पुलरला तो तंतोतंत लागू पडतो.

महाराष्ट्राला तर हे कोणी शिकवण्याची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकायच्या, त्या दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायला शिकवायचे, असा तो उद्योग होता. त्यातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे झाली, लोखंडी नांगर झाला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी झाली. दुसऱ्याने घडवलेली वस्तू उघडून पाहण्याची मुभा होती, म्हणून स्वतः वस्तू घडवण्याची अक्कल आली. आज बंद खोक्यात येणारी आणि बंदच राहावी अशी योजना असलेली यंत्रे ज्या पोरांच्या हाती पडतात, त्यांच्यातून कारखाने काढणारे सोडा, फिटर तरी कसे निपजणार? खंडेनवमीला तुर्भ्या-पावण्याच्या दुकानांत आजही लेथला झेंडूचे हार पडतात, पान्हे हळदीकुंकवाने माखतात. हत्याराला देव मानणाऱ्या या समाजात हत्याराच्या हक्काची मागणी मात्र अजून कोणी जोराने केलेली नाही.

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो. महापालिकेचा याच्याशी काय संबंध? यंत्रे ठेकेदाराची, मिस्त्री ठेकेदाराचा, जबाबदारी ठेकेदाराची. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आता स्वतंत्रपणे उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितांत तो सामावला गेला आहे. पण काम ज्याचे आहे तो मूळ मालक, ही कल्पना त्या संहितेतही आहे. १९४८ चा कारखाना अधिनियम, जो याच संहितेत गेला, फिरत्या यंत्राला कुंपण घालायला सांगत होता. परंतु रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष हा काही कारखाना नव्हता, आणि त्याच्या फांदीवर बसलेल्या माणसाला त्या कुंपणाचा आसरा कधी मिळाला नाही. झाड पालिकेचे, रस्ता पालिकेचा, आदेश पालिकेचा, आणि साखळी थांबत नाही ती तेवढी ठेकेदाराची? ही वाटणी ज्याने केली त्याने कामगाराच्या मांडीचा हिशेब कोणत्या खात्यात धरला आहे?

पालिकेच्या हातात कायदा नसला तरी खरेदी आहे, आणि खरेदी ही लहान सत्ता नव्हे. उद्यान विभाग आणि अग्निशमन दल यांच्यासाठी जी यंत्रे घेतली जातात, त्यांच्याबरोबर मराठीतील दुरुस्ती-पुस्तिका, चेंबर उघडण्याची व जोडण्याची हत्यारे आणि चेंबरची हवा धरते की नाही हे तपासण्याचा हातपंप मिळालाच पाहिजे, अशी अट खरेदीच्या कागदात घालायला कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. जी कंपनी नाकारील तिचे यंत्र घेऊ नये. छाटणीच्या ठेक्यातही तसेच. हंगामापूर्वी प्रत्येक यंत्राची तपासणी व्हावी, गॅस सोडल्यावर साखळी थांबते की नाही याची नोंद व्हावी, आणि न थांबणारे यंत्र झाडावर नेणाऱ्या ठेकेदाराचे बिल रोखावे. हातपंपाची तपासणी काही मिनिटांची आहे. चेंबरमध्ये थोडा दाब भरायचा आणि काटा खाली येतो का ते पाहायचे. एवढे शिकवायला अभियंता लागत नाही.

हत्यारे मात्र पालिकेच्या गोदामात कुलूप लावून ठेवण्यासाठी नकोत. ती मिस्त्र्यांना भाड्याने किंवा तारणावर मिळाली पाहिजेत. गावोगावच्या सहकारी सोसायट्यांनी शेतीची औते आणि फवारणीपंप असेच दिले आहेत. त्यात नवे काही नाही. मिस्त्र्यांची सहकारी संस्था झाली तर ती हे काम पालिकेपेक्षा चांगले करील, आणि टीटीसी पट्ट्यातल्या टर्नरांकडून एकेका यंत्राच्या मापाचे पुलर करवून घेईल. सरकारला हत्यारांचे महत्त्व कळत नाही असेही म्हणता येत नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये जर्मन सहकार्याने उभे राहिलेले टूल रूम सार्वजनिक पैशातूनच चालते. तेथे मोठ्या उद्योगांचे साचे होतात. लहान गॅरेजसाठी लागणाऱ्या हत्यारांचे नकाशे तेथे तयार करून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून वाटले, तर फिटर आणि टर्नर या शाखांतील मुलांना भोके पाडण्याच्या सरावासाठी निरुपयोगी लोखंडी ठोकळा पुरवण्याऐवजी एक पुलर करायला देता येईल. परीक्षा झाल्यावर तो ठोकळा भंगारात जातो. पुलर गॅरेजात जाईल.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यात मोर्चाआधीचे काम पुष्कळ आहे. आपल्या वॉर्डात छाटणी कोणत्या ठेकेदाराकडे आहे, त्याची किती यंत्रे आहेत, ती कोणत्या गॅरेजात जातात आणि त्या गॅरेजच्या टेबलावर पुलर आहे की पेचकस, याची यादी केली पाहिजे. माहितीच्या अधिकारात खरेदीचे कागद मागवता येतात. फांदीवर चढणाऱ्या माणसांशी बोलता येते, मात्र ते मुकादम चहाला गेल्यावर. छाटणीचा ठेका पावसाळ्यापूर्वी लागतो; त्याच्या अटी त्याही आधी, थंडीतच, उद्यान विभागाच्या टेबलावर लिहिल्या जातात, आणि एकदा निविदा निघाली की पुढच्या वर्षापर्यंत त्यातला शब्द हलत नाही.